पाट्या संपेपर्यंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी ऑपरेटर काकांचं नाव घेतो. आईबाबांच्याही आधी. त्यांना त्याचं वाईट वाटत नाही, कारण त्यांचंही उत्तर तेच आहे.

तेलंगणातल्या इचोड्याच्या बसस्टँडमागे काकांचं तीन खोल्यांचं घर होतं. त्यातली एक खोली डिग्रीची तीन वर्षं माझ्याकडे भाड्याने होती. गावातल्या टॉकीजमध्ये त्यांनी चाळीस वर्षं मशीन चालवली. पुढे टॉकीज बंद पडली, तिथे कापसाचं गोडाऊन झालं, पण गाव त्यांना ऑपरेटरच म्हणत राहिलं. मराठी माणसं ऑपरेटर काका म्हणायची, तेलुगू माणसं ऑपरेटरगारू, ट्रकवाले ऑपरेटर चाचा. घरावर नावाची पाटी नव्हती. त्यांचं खरं नाव मला कळलं ते स्कॉलरशिपच्या अर्जाला राहण्याचा दाखला लागला तेव्हा. दाखल्यावर पूर्ण नाव लिहिताना ते मधेच थांबले आणि पेन हवेत धरून थोडा वेळ बसले. खूप दिवसांत ते नाव कुणी वापरलं नव्हतं.

मलाही ते कधी नावाने हाक मारत नसत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बाबा भाजी पिकवतात. खोली पाहायला आले तेव्हा त्यांनी पिशवीतली वांगी काकांपुढे ठेवली आणि भाड्याचं विचारायच्या आधी सांगितलं, "पोरगं डिग्री करून राह्यलं." त्या दिवसापासून माझं नाव डिग्री पडलं. "काऊन रे डिग्री, आज कॉलेजले सुट्टी का?" रागावले की डिग्रीसाहेब.

घरात घड्याळ होतं, पण काकांचा वेळ रिळांत चालायचा. एक रीळ म्हणजे दहा मिनिटं. बाजार अर्ध्या रिळावर, पोस्ट एका रिळावर, भात शिजायला दोन रिळं. समोरच्याने लांबण लावली की ते मधेच म्हणत, "बाप्पा, तुयं तिसरं रीळ चालू हाय, हिरो अजून आलाच नाई." बोलणं मोठ्याने, कारण सगळी उमर मशीनच्या आवाजात बोलण्यात गेली होती. हळू म्हणून जे सांगत ते रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू जाई. माझा कोणत्या विषयात पेपर राहिला आहे हे बसस्टँडवरच्या कंडक्टरांनासुद्धा ठाऊक होतं.

माझ्या खोलीत त्यांनी दिव्याची लाईन वेगळी आणि प्लगची वेगळी केली होती. संध्याकाळी सात वाजले की बाहेरून प्लगचा फ्यूज काढून खिशात घालायचे. दिवा चालू, कॉम्प्युटर बंद. "बारा रिळं वाच. मंग देतो." दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडायची गोष्ट काढली. कामात चांगला जम बसला होता, वर्गात बसून काय मिळणार असं वाटू लागलं होतं. काकांनी मला काही समजावलं नाही. फ्यूज मात्र आठ दिवस त्यांच्या खिशातच राहिला. मी परीक्षेचा फॉर्म भरून आलो, त्या दिवशी तो माझ्या टेबलावर, पुस्तकाच्या वर ठेवलेला होता.

त्या कामाबद्दल आता सांगायला हवं. मी चुलतभावाच्या मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डं भरून द्यायचो. इचोडा हे हैदराबाद-नागपूर रस्त्यावरचं गाव, ट्रक थांबतात, ढाबे आहेत. ड्रायव्हरांना लांबच्या वाटेसाठी सिनेमे लागत. सिनेमा परवा टॉकीजला लागला असेल तर आज तो माझ्या कॉम्प्युटरवर असे. चोरीचाच, दुसरं काय. आणि माझ्या कार्डांची एक ख्याती होती. दुसऱ्या दुकानांत एका कार्डात जेवढे सिनेमे बसत, त्यापेक्षा माझ्याकडे एक जास्त बसे. युक्ती साधी होती. मी प्रत्येक सिनेमाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या पाट्या कापून टाकायचो. कुणी काय केलं याची ती नावं. ती कोण वाचतो?

ऑपरेटर काका वाचायचे. आदिलाबादला सिनेमाला गेले की शेवटचं नाव वर सरकून पडदा काळा होईपर्यंत ते खुर्चीतून उठत नसत. ओठ हलवत एकेक नाव म्हणायचे. त्यातलं एखादं मनात धरून ठेवायचे, हिरोचं नाही, दिग्दर्शकाचं नाही, खालचं कुठलंतरी: दिवे धरणारा, सेटला रंग देणारा, जनरेटर सांभाळणारा. घरी येऊन त्याला पोस्टकार्ड लिहायचे. "तुमचे काम पाहिले. चांगले आहे." एवढंच. पत्ता पोस्टरवरच्या कंपनीचा. बरीच कार्डं पत्ता अपुरा म्हणून परत यायची. परत आलेल्या कार्डांचा गठ्ठा त्यांनी कपाटात ठेवला होता. एकच उत्तर आलेलं मी पाहिलं. एका जनरेटरवाल्याच्या बायकोने लिहिलं होतं की ते आता नाहीत, पण कार्ड मुलांना वाचून दाखवलं.

एकदा त्यांचे डोळे दाखवायला आम्ही हैदराबादला निघालो होतो. ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये नवा सिनेमा लागला. टॉकीजमध्ये लपून काढलेला. मधेच पडद्यासमोरून कुणाचं तरी डोकं गेलं, कुणी खोकलं. काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं ते शेवटपर्यंत. सिनेमा संपून टीव्ही बंद झाला, तसे ते उठले आणि दांडे धरत ड्रायव्हरपाशी गेले.

"भाई, नाम दिखाओ."

"कौनसे नाम, चाचा? पिच्चर खतम."

"खतम कैसे? किसने बनाई, वो तो बताया नहीं."

क्लीनर हसायला लागला. यात नावं नसतात, हा तसला सिनेमा आहे, असं त्याने सांगितलं. काका जागेवर आले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "चोराले मालकाचं नाव सांगता येत नाई, डिग्री. म्हनून कापते."

तोच सिनेमा त्या वेळी माझ्या बॅगेत पेन ड्राइव्हमध्ये होता. तोही तसाच, कापलेला.

आमच्याकडे लग्नात आहेर माईकवर पुकारतात. अमक्याकडून भांडी, तमक्याकडून लुगडं. ते संपलं की काका माईक मागून घ्यायचे. "वांग्याची भाजी, शांताबाई. मांडव, अब्दुलभाई. आणि पानी वाढनारे पोट्टे, त्याइची नावं मी लिहून आनली हाय." यजमानांना हे आवडत नसे. एकाने तर त्यांच्या हातून माईक ओढून घेतला. पण काकांच्या आवाजाला माईक लागतच नव्हता. चुलीपाशी बसलेल्या बाया पदर तोंडाशी धरून बाहेर डोकावत. माझ्या गावातल्या एका लग्नात मी त्यांना घेऊन गेलो होतो. तिथे त्यांनी पुकारलं, "नवरीचं ब्लाउज, वंदना मारोती निकोडे." वंदना म्हणजे आमच्या शेजारच्या मारोतीमामांची मुलगी. नुकतीच शिवण शिकली होती. ती लाजून घरात पळाली, आणि मारोतीमामा मात्र पंगतीत ताठ होऊन बसले.

माझ्या धंद्याबद्दल काका आणि माझं एकदाच सरळ बोलणं झालं. मी म्हणालो, आपल्या जिल्ह्यात मराठी सिनेमा येतच नाही. टॉकीजला तेलुगू लागतो, हिंदी लागतो. आपल्या माणसांनी आपल्या भाषेतला सिनेमा पाहायचा कसा? पैनगंगा ओलांडून यवतमाळला जायचं? मी कार्डात भरून देतो म्हणून तरी तो आमच्या गावापर्यंत पोचतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे खरं हाय. याचं उत्तर मायापाशी नाई." मला जिंकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पन चोरलं त चोरलं, लेका. नावं काऊन कापतं?"

"जागा पुरत नाही, काका."

ते उठून आत निघून गेले. रागावले असं मी समजलो. ते तसं नव्हतं हे पुढे कळलं.

वंदना नागपूरला शिवणकामाच्या कोर्सला गेली होती. तिथून तिला एका मराठी सिनेमात काम मिळालं, कपडेपटात. शेतात राबणाऱ्या बायांची गोष्ट होती आणि कंपनीने आणलेली लुगडी नवी कोरी. ती वापरलेली दिसेनात. वंदनाने ती मळवली. कापूस वेचणाऱ्या बाईचं लुगडं कमरेपाशी कुठे झिजतं, कापसाने भरलेल्या ओटीचं ओझं कुठे ओढतं, वांग्याच्या काट्याने पदर कसा फाटतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीन महिने तिने हेच केलं. कंपनीने पुढच्या सिनेमालाही बोलावलं.

घरात मात्र कुरकुर होती. मारोतीमामांचे मोठे भाऊ, ज्यांना सगळे थोरले बापू म्हणतात, त्यांचं म्हणणं पडलं की पोरगी काय करते ते कुणी पाहिलं आहे? शेवटी घरात ठरलं. सिनेमात तिचं नाव आलं तर तिने खुशाल पुढच्या कामाला जावं. नाही आलं तर परत यायचं, आणि बैसाखात लगन. वंदनाने हो म्हटलं. तिने आपलं नाव नागपूरच्या टॉकीजमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

सिनेमा आमच्या जिल्ह्यात आला नाही. तो माझ्या कार्डातून गावात गेला. मारोतीमामांनी शेजारच्यांना बोलावलं, अंगणात टीव्ही लावला. लुगडी दिसली, बायांनी ती ओळखली, "हे त आपल्यावानीच" म्हणाल्या. मग सिनेमा संपला. शेवटचं दृश्य गेलं आणि लगेच पुढचा, मारामारीचा सिनेमा सुरू झाला. पाट्या आल्याच नाहीत. थोरले बापू म्हणाले, "झालं? पाह्यलं नाव?" आणि उठून गेले.

हे मला मामांनीच सांगितलं, दुकानात येऊन. त्यांनी मला दोष दिला नाही. कार्डातून नाव कापता येतं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. एवढंच म्हणाले की पोरगी खोटं बोलली, हे मनाला लागून राह्यलं. आणि मी, ज्याने ते नाव स्वतः कापलं होतं, काउंटरमागे उभा राहून मान हलवत राहिलो.

आठ दिवस मी गप्प होतो. नवव्या दिवशी वंदनाचा फोन आला. "दादा, तुमच्या कार्डात पाह्यलं मने बाबानं. मायं नाव नाई मनतात. कंपनीनं मागून काढलं असंन. मी उद्या त्याइच्यासंग भांडतो." तिचा आवाज रडून बसला होता. ती भांडली असती तर मिळणारं कामही गेलं असतं, आणि तेही माझ्यामुळे. मी तिला म्हणालो की दोन दिवस थांब. फोन ठेवून सरळ काकांच्या ओट्यावर गेलो आणि सगळं सांगितलं.

ते मला शिव्या देतील अशी माझी तयारी होती. त्यांनी कपाटातून पेपर काढला आणि चष्मा लावून बोट फिरवत गेले. यवतमाळच्या एका टॉकीजला तो सिनेमा अजून होता. एकच खेळ, दुपारी बाराचा, शेवटचे दोन दिवस.

"उद्या जाऊ," ते म्हणाले. "मारोतीले घेऊ, त्याच्या भावाले बी घेऊ. तिकिटं मी काढतो. पन काऊन चाललो ते तू सांगशीन. मी नाई."

मी त्याच दिवशी गावी गेलो. मामा वाफ्यात मेथी उपटत होते, थोरले बापू बांधावर बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. जागा वाचवायला मी सगळ्यांचीच नावं कापतो, वंदनाचंही त्यातच गेलं. बापूंनी तोंड फिरवलं. मामांनी हातातली जुडी बांधून पूर्ण केली, खाली ठेवली आणि मला विचारलं, "माया पोरीचं नाव किती जागा घेते रे?"

मी खाली बसलो आणि त्यांच्यासोबत मेथी उपटू लागलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही चौघं निघालो. आदिलाबादला बस बदलली, पैनगंगेचा पूल ओलांडला. बापू वाटेत एक शब्द बोलले नाहीत. काकांनी धुतलेला पांढरा बुशशर्ट घातला होता. टॉकीजला पोचल्यावर तिकिटं आमच्या हातात देऊन ते जिन्याने वर, मशीनच्या खोलीत गेले. मला कळेना कशाला. सिनेमा सुरू व्हायच्या आधी खाली आले ते तोंडावर नवल घेऊन. "ही नवी मशीन गरमच होत नाई, डिग्री. हात लावून पाह्यला." मग म्हणाले की वरच्या पोराशी बोलून आलो. तो म्हणतो, गोष्ट संपली की आम्ही बंद करतो, पाट्या कोणी पाहत नाही. त्याला सांगितलं, आज चार माणसं फक्त पाट्या पाहायला आली आहेत, दुसऱ्या राज्यातून.

म्हणजे नावं कापणारा मी एकटाच नव्हतो. टॉकीजवालेही कापत होते.

सिनेमा संपला. पंचवीस-तीस माणसं होती, ती उठली. झाडूवाल्याने बाजूचं दार ढकललं आणि दुपारचं ऊन थेट पडद्यावर आलं. वरच्या पोराने शब्द पाळला होता, पाट्या सुरू झाल्या होत्या, पण त्या उन्हात अक्षरं दिसेनात. मी धावत जाऊन दार ओढलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो. झाडूवाला बाहेरून ठोकत होता. मारोतीमामांना वाचता येत नाही. काकांचे डोळे अधू. म्हणून दारापासूनच मी मोठ्याने वाचू लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी पाट्या वाचत होतो. छायाचित्रणवाले, आवाजवाले, जेवण देणारे, गाड्या चालवणारे. किती माणसं होती ती. मी दरवेळी एका झटक्यात एवढी माणसं पुसत होतो.

"कपडेपट साहाय्य," मी वाचलं आणि आवाज आणखी चढवला. "वंदना मारोती निकोडे."

मामा खुर्चीचा दांडा धरून उभे राहिले. "मारोती? मायं बी हाय का?"

"हाय ना," काका मागच्या रांगेतून ओरडले. "बापाबिगर नाव पुरं होते का?"

नाव वर सरकून गेलं. मामा ते गेलं त्या जागेकडे, छताकडे पाहत राहिले. सगळ्यांच्या शेवटी थोरले बापू सकाळपासून पहिल्यांदा बोलले. घसा खाकरून म्हणाले, "आडनाव त मायं बी हाय."

गावात पोचेपर्यंत बापूंच्या सांगण्यात ते नाव पडद्याएवढं मोठं झालं होतं. बैसाखात वंदना दुसऱ्या सिनेमाच्या कामावर होती.

परतीच्या बसमध्ये मी काकांच्या शेजारी होतो. पूल आला तेव्हा ते बोलायला लागले, आणि मला कान जवळ न्यावा लागला. ते हळू बोलत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"मी बी कापल्या, डिग्री. गोष्ट संपली का बत्ती लावाचो, मशीन बंद. तवा मशीनमधी कार्बनच्या कांड्या जळत. पाट्या नाई दाखवल्या त कांडी वाचे. मालक खूश, मी खूश. एकदा एक मानूस वर आला. आपल्याच भागातला होता. मने, सेटले रंग मी देल्ला, नाव आलं असतं, मायले दाखवाले आनलं होतं. अजून एक डाव लावता का? मी म्हनलं, आता रीळ गुंडाळलं, उद्या ये. उद्या पिच्चर बदलला." मग म्हणाले, "त्याचं नाव बी मी इचारलं नाई. कोनत्यातरी पोस्टकार्डावर असंन, म्हनून लिहत राह्यतो."

त्या दिवसानंतर मी चोरीचे सिनेमे भरणं सोडलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सोडलं, पण पाच-सहा महिन्यांनी. पाट्या कापणं मात्र त्याच दिवशी बंद केलं. हे मी काकांना अभिमानाने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आता पुरा माल चोरतं, आधी अदुरा चोरत होता." चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. मला वाटतं त्या हसण्यानेच मी सोडलं. पुढे नेट स्वस्त झालं आणि कार्डं भरून घ्यायला कुणी येईना. तोवर मी डिग्री पास होऊन बी.एड.ला गेलो होतो.

आता मी आमच्या जिल्ह्यातल्याच एका मराठी शाळेत शिकवतो. मुलांच्या हातात फोन आहेत आणि सगळे सिनेमे त्यांना फुकट मिळतात. मी त्यांना चोर म्हणत नाही, मला तो हक्क नाही. एवढंच सांगतो की सिनेमा पाहिला तर दुसऱ्या दिवशी त्यातली तीन नावं मला सांगायची, नटांची सोडून. सुरुवातीला त्यांना गंमत वाटली. मग एका मुलीने तक्रार केली की सर, आमच्या फोनवरच्या सिनेमात नावंच नाहीत. मी म्हटलं, का नसतील, विचार कर. आता दर दिवाळीला आठ-दहा मुलं घरच्यांना घेऊन आदिलाबादच्या टॉकीजला जातात आणि दिवे लागले तरी उठत नाहीत, अशी तिथल्या मॅनेजरची माझ्याकडे तक्रार आहे.

काकांनी डोळ्यांमुळे इचोड्याचं घर सोडलं. ते मंचेरियलला त्यांच्या मुलीकडे राहतात. फोनवर त्यांना बोलायला आवडत नाही, म्हणतात समोरचा ओरडतो. म्हणून मी पत्र लिहितो. परवा हे पाठवलं.

*

तीर्थस्वरूप ऑपरेटर काका यांस साष्टांग नमस्कार.

अक्षर मोठं काढलं आहे. तरी दिसलं नाही तर ताईंकडून वाचून घ्यावं.

वंदनाचा नवा सिनेमा आला आहे. या वेळी पूर्ण कपडेपट तिच्याकडे होता. आपल्या जिल्ह्यात तोही लागणार नाही, म्हणून तिने कंपनीशी बोलून आमच्या शाळेत एक खेळ दाखवायची लेखी परवानगी आणली आहे. तुम्ही आधी तेच विचाराल, म्हणून त्या परवानगीची नक्कल सोबत जोडली आहे. आपल्या माणसांनी आपल्या भाषेतला सिनेमा पाहायचा कसा, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापाशी नाही, असं मागे तुम्ही म्हणाला होतात. हे पूर्ण उत्तर नाही, पण एका खेळापुरतं आहे.

खेळ येत्या रविवारी दुपारी बारा वाजता. वर्गांच्या खिडक्यांना काळे कागद लावले आहेत. शाळेचा प्रोजेक्टर चांगला आहे, गरम होतो, तुम्हाला आवडेल. मशीन तुम्हीच चालवायची. चुकेल वगैरे म्हणू नका, मी शेजारी आहे. शनिवारी सकाळी मी न्यायला येतो. मारोतीमामा वांगी आणणार आहेत. थोरले बापू माईक मागत आहेत. मी सांगितलं आहे की माईक ऑपरेटर काकांनंतर मिळेल.

पाट्या सहा मिनिटांच्या आहेत, अर्ध्या रिळाहून जास्त. त्या संपल्या तरी मशीन बंद करू नका. कंपनीच्या सिनेमाला मी हात लावलेला नाही. तो संपल्यावर माझी एक पाटी वेगळी जोडली आहे. काळ्यावर पांढरी, एकच ओळ. स्कॉलरशिपच्या दाखल्यावर तुम्ही लिहिलं होतं तसंच लिहिलं आहे:

मशीन चालवणारे: रामकिसन लक्ष्मण देवतळे

ती पडद्यावर पूर्ण एक रीळ राहील. दाराला पाठ लावून मी उभा असेन. कुणी उठणार नाही.

तुमचा,
डिग्री